आधी हसू, मग संवाद

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन मराठी सिनेमाला गेले होते. रविवार, सकाळी पावणेअकराचा शो, मल्टिप्लेक्समधला सगळ्यात छोटा स्क्रीन, एसी इतका की मी ओढणी डोक्यावरून घेतली, आणि आम्ही धरून मोजून चौदा माणसं. चिऊ सहावीत आहे, इंग्लिश मीडियमला. घरी मराठीच बोलते, म्हणजे "मावशी माझं होमवर्क कम्प्लीट नाही झालंय अजून" असलं मराठी, आपण सगळेच बोलतो तसलं. सिनेमात एक खवट म्हातारा होता, सोलापूरकडचा, सगळे विनोद त्याच्याच तोंडी. तिसऱ्या-चौथ्या विनोदाला माझ्या लक्षात आलं की चिऊ माझ्या आधी हसतेय. म्हातारा तोंड उघडतो, दोन शब्द बोलतो, ही खुदकन हसते, मग म्हातारा वाक्य पुरं करतो, मग मी आणि मागच्या रांगेतले एक काका हसतो. आधी वाटलं हिने ट्रेलर पाहिला असेल. मग नीट बघितलं तर तिचे डोळे म्हाताऱ्याकडे नव्हतेच. खाली होते, पट्टीवर. मराठी सिनेमा बघताना पोरगी इंग्लिश सबटायटल वाचत होती.

बाहेर आल्यावर विचारलं, कसा वाटला गं? म्हणाली, "मस्त होता. पण मावशी, ते आजोबा खूप फास्ट बोलतात. वाचून होतच नाही."

वाचून होतच नाही.

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला तितकं लागलं नसतं, मला लागलं, कारण सबटायटल लिहिणं हाच माझा धंदा आहे. गेली बारा-तेरा वर्षं मराठी सिनेमांचे संवाद इंग्लिशमध्ये करून देते मी. या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते, विनोद फोडायचा नाही. वाक्य अख्खं एकदम पट्टीवर आलं की वाचणारा बोलणाऱ्याच्या पुढे पळतो, म्हणून पंच दुसऱ्या तुकड्यात टाकायचा, नटाने श्वास घेतला की मगच तो आला पाहिजे. पण हे सगळं मी करत होते ते परदेशी फेस्टिव्हलवाल्यांसाठी, दिल्लीतल्या ज्युरीसाठी (राष्ट्रीय पुरस्काराला सिनेमा पाठवायचा तर इंग्लिश सबटायटल लागतातच), फार तर शेजारच्या तमिळ कुटुंबासाठी. माझी सबटायटल माझ्याच बहिणीची मुलगी वाचत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि त्या म्हाताऱ्याचं "आरं बाबा, तुला काय कळंना झालंय का" हे ज्याने कुणी केलं होतं त्याने तीन सरळ इंग्लिश शब्दांत उरकलं होतं, मीही तेच केलं असतं. चिऊ हसली ती त्या तीन शब्दांना. म्हातारा तिला भेटलाच नाही.

घरी येताना रिक्षात मला आमचं टॉकीज आठवत राहिलं. सांगली जिल्ह्यात, तालुक्याचं गाव, पत्र्याचं छप्पर, बाहेर भजीची गाडी आणि आत त्याच तेलाचा वास. शाळेतून सिनेमाला न्यायचे आम्हाला. ८६-८७ ची गोष्ट. वर्गशिक्षक दीड-दीड रुपया गोळा करायचे, ज्याने आणला नाही त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात, आणि मग त्याचेही पैसे कुठून तरी भरले जायचेच. दोन-दोनच्या रांगा, हातात हात धरून, बाजारपेठेतून. दुकानदार बाहेर येऊन बघायचे. तो आईवरचा जुना कृष्णधवल सिनेमा, नाव सांगायची गरजच नाही, तो मी शाळेबरोबर दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, रुमाल आणा. आम्ही रडलो. पुढच्या बाकांवरची मुलं रडणाऱ्यांना हसत होती आणि ती हसता हसता रडत होती. कुणीही खाली वाचत नव्हतं. वाचायला खाली काही नव्हतंच, होता तो फाटक्या पडद्याचा शिवलेला भाग.

सिनेमाच्या आधी ती फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे सरकारी माहितीपटांची रीळ. तुम्हाला आठवत असेल. धरणं, गव्हाचे नवे वाण, कुठल्यातरी देशाचे पाहुणे विमानाच्या शिडीवरून उतरताहेत, पुरात वाहून गेलेलं काहीतरी आणि त्यावरून उडणारं हेलिकॉप्टर. आणि तो आवाज, जो दुष्काळही लग्नाच्या आमंत्रणासारखा वाचायचा. थिएटरवाल्यांना ही रीळ दाखवणं लायसन्सच्या अटीतच होतं, वर तिचं भाडंही त्यांनीच भरायचं. आमच्या टॉकीजचा मालक म्हणे तेवढ्या वेळात पंखे बंद ठेवायचा, लाइट बिल वाचवायला. त्यामुळे माझ्यासाठी राष्ट्रनिर्माण म्हणजे घाम. पण गंमत अशी की भाक्रा-नांगल, भिलाई, कथकली ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी तिथे भेटली. प्रचार होता तो, मान्यच. पण पंखा बंद असताना ऐकलेली गोष्ट विसरत नाही माणूस.

आणि "टॅक्स फ्री". पोस्टरवर तिरकी चिकटवलेली लाल पट्टी. लहानपणी आमचा पक्का समज होता की टॅक्स फ्री म्हणजे ज्यात फायटिंग नसते तो सिनेमा. एरंडेलासारखा, चांगला, पोट साफ करणारा. मोठी झाल्यावर कळलं की त्या पट्टीत सरकारची अख्खी मर्जी असायची. हिंदी सिनेमाच्या तिकिटावर आपल्याकडे ४५ टक्क्यांपर्यंत करमणूक कर लागायचा, मराठीला माफी होती, आणि त्याच्याही आधी, १९७५ पासून, करपरतावा योजना होती, म्हणजे तिकिटावर गोळा झालेला कर निर्मात्याला परत, अट एवढीच की त्याने पुढचा मराठी सिनेमा काढायचा. धापा टाकणाऱ्या मराठी सिनेमाला त्या एका योजनेने उठून बसवलं असं या लाइनीतली जुनी माणसं अजून सांगतात, आणि त्याच दमात हेही सांगतात की त्या पैशांतून किती भिकार सिनेमे निघाले. दोन्ही खरं असावं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरघळला, आणि मराठी-हिंदी-इंग्लिश सगळ्यांना एकच दर झाला, तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के होता, २०१९ पासून १८. लाल पट्टी गेली. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने नुसता पणतीचा इमोजी टाकला होता.

असो, मी भरकटतेय. पण भरकटायला जागाही तशीच आहे. मी राहते पुण्यात, लॉ कॉलेज रोडच्या जवळ, आणि संध्याकाळी फिरायला निघाले की दोन-अडीच किलोमीटरमध्ये सगळं सरकारी सिनेधोरण पायाखालून जातं. आधी एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट, पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. मग फिल्म अर्काइव्ह. मग वळण घेऊन सेनापती बापट रोडला लागलं की बालभारती. स्वातंत्र्यानंतर सरकारने एक सिनेमा चौकशी समिती नेमली होती, अध्यक्ष आपले स. का. पाटील, त्यांचा रिपोर्ट १९५१ चा. त्यात म्हटलं होतं की सिनेमाला कर्ज देणारी संस्था हवी, शिकवणारी हवी, जपून ठेवणारी हवी. सरकारी वेगाने झालं सगळं, पण झालं. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६०, फिल्म इन्स्टिट्यूट १९६०, अर्काइव्ह १९६४. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा, एडिटिंग, डायरेक्शन शिकवायला माणसं नेमली हे ठीकच, पण 'फिल्म अॅप्रिसिएशन' शिकवायलाही एक प्राध्यापक नेमला, सतीश बहादूर. सिनेमा बघायचा कसा हे शिकवणारा सरकारी पगारी माणूस! पुढे त्यातूनच उन्हाळ्यातला तो कोर्स आला, ज्याला बँकेतले क्लार्क, शाळेतले मास्तर, गृहिणी असे कुणीही रजा टाकून यायचे. कधीतरी सरकारला वाटलं होतं की नुसता सिनेमा बनवून भागत नाही, बघणाराही बनवावा लागतो.

इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी उभं राहून हा विचार करायला सोपा आहे. वॉचमन हाकलतो तेवढंच.

या सगळ्यात एक बाई मला राहून राहून आठवतात, विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे फिल्म सोसायटी उभी केली, मग सरकारी नोकरी, कधी शिक्षण खात्यात, कधी सेन्सॉरवर. म्हणजे शाळा आणि सिनेमा या दोन्ही फायली ज्यांच्या टेबलावर एकदम होत्या अशी ही दुर्मिळ बाई. 'एक अनेक और एकता' ही चिमण्यांची कार्टून फिल्म त्यांची, १९७४ ची. एक चिडिया अनेक चिडिया, दूरदर्शनवर पाहिली नाही असा माझ्या वयाचा माणूस सापडायचा नाही. सॅटेलाइटवरून खेड्यातल्या शाळांना टीव्ही दाखवायचा तो साइटचा प्रयोग झाला ना ७५-७६ मध्ये, सहा राज्यांतली चोवीसशे गावं, त्यासाठी मुलांच्या फिल्म्स बनवण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. (त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आपण तेव्हा पुढारलेले ठरलो होतो.) आणि त्यांची मुलगी सुहासिनी मुळे, तिचा पहिला सिनेमा १९६९ चा, मृणाल सेनचा, आणि तो झाला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर. आई सरकारच्या एका खिशातून मुलांसाठी सिनेमे करते, मुलगी दुसऱ्या खिशातल्या पैशांवर नटी होते. एवढं छोटं होतं ते जग, आणि तेवढंच ते एकमेकांत मिसळलेलं.

सेनापती बापट रोडला बालभारतीच्या शेजारी बालचित्रवाणी होती, मुलांसाठी शिक्षणाचे टीव्ही कार्यक्रम करणारी सरकारी संस्था. आता हे लिहिताना मला उगाच भरून येतंय, कारण आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या कंपाउंडर काकांकडे होता, आणि बालचित्रवाणीची सुरुवातीची धून लागली की आम्ही चुलीवरचं दूध सोडून पळायचो. एरवी शिक्षण म्हटलं की पळायचो ते उलट्या दिशेला. कागदाच्या वस्तू, पाण्याचे प्रयोग, बाहुल्या, आणि बोलणारी माणसं आपल्यासारखी मराठी बोलणारी. १९८४ मध्ये सुरू झाली ती, इन्सॅट उपग्रहाच्या जिवावर केंद्राने सहा राज्यांत अशा संस्था काढल्या त्यातली एक. हजारो कार्यक्रम केले. मग केंद्राचे पैसे आटले, राज्य म्हणालं आम्ही कुठून देऊ, शेवटची काही वर्षं तर तिथल्या लोकांचे पगारही थकले, आणि २०१७ मध्ये बंदच करून टाकली. हो, तेच २०१७, ज्या वर्षी करमणूक कर गेला. एक निर्णय दिल्लीचा, एक मुंबईचा, एक अर्थ खात्याचा, एक शिक्षण खात्याचा, कुणी कुणाशी बोललं असेल असं अजिबात वाटत नाही. मराठी मूल आणि मराठी चित्र यांच्यामधल्या दोन तारा एका वर्षात तुटल्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या फायलींत तुटल्या. पुढे २०२२ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी, जी १९५५ पासून नुसते मुलांचे सिनेमे करायची, तीही फिल्म्स डिव्हिजन आणि अर्काइव्हबरोबर एनएफडीसीत, म्हणजे केंद्राच्या चित्रपट महामंडळात, विलीन झाली. विलीन हा शब्द सरकारी कागदात फार शांत दिसतो.

आता कुणी म्हणेल सरकार मराठी सिनेमाला पैसे देतं की. देतं. अ दर्जा, ब दर्जा ठरवायला कमिटी बसते, मार्क देते. माझ्या ओळखीच्या एका दिग्दर्शकाचा सिनेमा मी सबटायटल केला होता, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांवरचा. सुंदर होता, खरंच, त्यातला कवायतीचा सीन मी कामापुरता पाहायचा तो नऊ वेळा पाहिला. त्याला रिलीजला मिळालं काय तर आठवड्याच्या दिवशी सकाळी दहा वीसचा शो. शाळेवरचा सिनेमा, शाळेच्या वेळात! मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवलाच पाहिजे अशी घोषणा २०१५ मध्ये झाली होती, मग मल्टिप्लेक्सवाल्यांशी बोलणी झाली आणि प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. तीही या सिनेमापर्यंत पोचली नाही. तो दिग्दर्शक मला म्हणाला, "बघणारे आणू कुठून मॅडम, ते बनवायचं अनुदान कुणाकडे आहे?" हसत म्हणाला, पण मग बराच वेळ चहा ढवळत बसला. आणि एक माझ्याही लक्षात आलं, या दहा-पंधरा वर्षांत मराठीत मुलांवरचे इतके चांगले सिनेमे झाले, पुरस्कार मिळाले, परदेशात गेले, पण ते सगळे मुलांबद्दल मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेले. मुलं पडद्यावर होती. खुर्चीत नव्हती.

खुर्चीतली मुलं कुठे गेली त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते द्यायला लाज वाटते. २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्लिश आलं, ते चांगलंच झालं असं मला तेव्हा वाटलं होतं, कारण पाचवीत एबीसीडी शिकून कॉलेजात पोचल्यावर काय होतं ते मी भोगलंय. मग स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, २०१२ चा, आणि गल्लोगल्ली इंटरनॅशनल लिहिलेले बोर्ड. चिऊच्या वेळी ताईने फोन करून विचारलं होतं, काय करू गं? त्यांच्या सोसायटीच्या मागे महापालिकेची मराठी शाळा होती, पट घसरत चाललेला, पावसात गळायची. मी, जिची रोजीरोटी दोन्ही भाषा येण्यावर चालते, जिला मराठी शाळेनेच मराठी दिलं, मी म्हणाले, इंग्लिशला घाल, बाकीचं घरी बघू. बाकीचं घरी बघू! घरी कोण बघणार होतं? ताई बँकेत, भाऊजी साइटवर, मी लोकांच्या विनोदांचे तुकडे करत बसलेली. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, त्या दोन-अडीच महिन्यांत मीही तावातावाने पोस्टी टाकल्या, पण रात्री झोपताना एक बारीक आवाज यायचा की बाई, तुझ्या घरातल्या मराठीला हिंदीने हात लावायच्या आधीच काय झालंय ते बघ.

चिऊला शाळेत मराठी आहे, बरं का. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचं झालंय. तिची वही मी पाहिली. विरुद्धार्थी शब्द, लिंग बदला, वचन बदला, दहापैकी नऊ. सुवाच्य अक्षर. आणि त्या वहीतला एकही शब्द असा नाही की जो त्या सोलापूरच्या म्हाताऱ्याने तोंडात धरला असता. कायद्याने मराठी विषय दिला, तो तिने पास केला. पण "कळंना झालंय का" यात लिंग बदलायचं की वचन?

शाळेतून सिनेमाला तिलाही नेतात तसं, एसी बसमधून मॉलमध्ये. मागच्या वर्षी एक इंग्लिश अॅनिमेशनपट दाखवला, पॉपकॉर्न-कोल्ड्रिंकसकट साडेतीनशे रुपये. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्यासाठी शाळेत त्या दिवशी लायब्ररी पिरियड होता. मी विचारलं, रडलं का कुणी? तिला प्रश्नच कळला नाही. "मावशी, फनी मूव्ही होता तो."

परवाच्या शनिवारी आई गावाहून आली. तो म्हाताऱ्याचा सिनेमा एव्हाना ओटीटीवर आला होता. म्हटलं बघू या तिघी. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी टीव्हीच्या खालच्या भागावर एक टॉवेल टाकला, वरून दोन पुस्तकांचं वजन देऊन. रिमोटने सबटायटल बंद करता येतात हो, धंदाच आहे माझा, पण ते सापडेल त्या पोरीला, टॉवेल कसा दिसतो. आई म्हणाली, हे गं काय, टीव्हीला अंघोळ घातलीस का? चिऊ चिडली आधी. मग बसली. म्हातारा बोलला की आई फस्सकन हसायची, तिला तर ते आपल्या घरातलंच कुणी वाटत होतं, आमच्या आप्पांची आठवण काढून काढून हसत होती. चिऊ टीव्हीकडे बघायची, मग आज्जीकडे बघायची, आणि विचारायची, काय म्हणाले ते? आई परत म्हणून दाखवायची, म्हाताऱ्याहून जास्त खवटपणे, हातवारे करून. दोन-तीन वेळा चिऊ खरंच खळखळून हसली, आज्जीच्या आवाजाला हसली, पण हसली. मला वाटलं, जमतंय.

वीसेक मिनिटांनी ती उठली. म्हणाली, "आज्जी, तुला सारखं सांगायला लागतंय, मग तुझा सिनेमा जातो." तिने पुस्तकं बाजूला केली, टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि आज्जीच्या मांडीवर ठेवला. म्हातारा ओसरीवर येऊन बसला होता, त्याने चंचीतून पान काढलं, तोंड उघडलं. चिऊ हसली. आईने तिच्याकडे वळून विचारलं, "अगं, अजून बोललाच नाही की तो?"